वाचक विचारतात: पाऊस वाळवंटाएवढा, मग टुंड्रात एवढी दलदल कशी?

मागच्या अंकात अलास्काच्या टुंड्रावर, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या थंड, झाडं नसलेल्या माळरानावर, एक छोटी चौकट दिली होती. त्यात एक वाक्य होतं, की उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीत जेवढा कार्बन आहे तो हवेतल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट भरतो. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. मी आयुष्यभर माती शिकवली, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात आवरता येत नाही, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलं की अलास्काच्या उत्तर टोकाला वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या माण तालुक्यात त्याच्या तिप्पट-चौपट पडतो तरी उन्हाळ्यात टँकर लागतो. मग फोटोत तिथे जिकडे तिकडे तळी आणि चिखल कसा?
(एक शेतकरी वाचक, माण)

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण टुंड्रा समजून घ्यायचा तर दार हेच आहे. आकडा बरोबर आहे. उत्किआग्विक नावाचं गाव आहे, २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणायचे, ७१ अंश उत्तरेला, आर्क्टिक समुद्राच्या अगदी काठावर. तिथे पाऊस आणि बर्फ वितळवून मोजलेलं पाणी असं सगळं मिळून वर्षाचं जेमतेम १२० मिलिमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे जैसलमेरपेक्षाही कमी. आणि तरी उन्हाळ्यात तिथे गमबूट घातल्याशिवाय चालता येत नाही.

कारण जमिनीखाली आहे. तिथे माती कायम गोठलेली आहे, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, व्याख्या साधी आहे: सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाला किंवा त्याच्या खाली राहिलेली जमीन. प्रत्यक्षात ती हजारो वर्षं गोठलेली आहे आणि प्रूडो बे या तेलक्षेत्राच्या भागात ती सहाशे मीटरपेक्षा खोल गेलेली आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो, उत्किआग्विककडे साधारण हात-दीड हातापेक्षा कमीच, तीस-चाळीस सेंटिमीटर, दक्षिणेकडे जावं तसा जास्त. त्याला ॲक्टिव्ह लेअर म्हणतात आणि पाण्याचं काय, कार्बनचं काय, तिथला सगळा व्यवहार या एवढ्याशा थरात चालतो.

हे मोजतात कसं ते सांगतो, कारण इतकी साधी मोजणी मला फार आवडते. एक लोखंडी सळई, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. ती शेवाळावर टेकवायची आणि हाताने दाबायची, लोण्यात सुरी जावी तशी ती आत जाते, जाते आणि एकदम टक्क करून थांबते, मग कितीही जोर लावा, पुढे सरकत नाही. तो बर्फ. खूण वाचायची, वहीत लिहायची, पुढच्या जागी जायचं. किलोमीटर बाय किलोमीटरचा चौकोन आखून त्यात १२१ ठिकाणी अशी सळई खुपसतात, दर उन्हाळ्याच्या शेवटी, १९९० च्या दशकापासून आर्क्टिकभर हे चालू आहे.

आता तुमच्या विहिरीचा विचार करा. तुमच्याकडे पाणी पडलं की मुरुमातून, खडकाच्या भेगांतून खाली जातं, आणि उरलेलं ऊन ओढून घेतं. तिथे खाली जायला वाटच नाही, कारण तळाला बर्फाची फरशी आहे. आणि ऊन म्हणाल तर ऑक्टोबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सगळं गोठलेलं, त्यामुळे वर्षाचा हिशेब केला तर बाष्पीभवन फार कमी. शिवाय जमीन सपाट, किनाऱ्याकडचा भाग तर ताटासारखा, म्हणजे वाहून जायलाही उतार नाही. खाली जाता येत नाही, वर उडता येत नाही, बाजूला पळता येत नाही, मग पाणी करणार काय, साचून राहणार.

पाणी धावतं ते वर्षातून एकदा. मे महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास तिथे सूर्य वर येतो तो ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मावळतच नाही, आणि आठ-नऊ महिने साठलेला बर्फ मेअखेर-जूनमध्ये दोनेक आठवड्यांत वितळतो. त्या वेळी जमीन अजून वरपर्यंत टणक असते, मुरायचा प्रश्नच नाही, सगळं पाणी वरूनच नद्यांकडे सुटतं. कुपारुकसारख्या नदीचं वर्षभराचं बरंचसं पाणी या दोन आठवड्यांतच निघून जातं. जुलैत उलटं होतं, ऊन चोवीस तास, पाऊस थोडा, तळ्यांच्या कडा सुकायला लागतात, आणि सप्टेंबरनंतर परत सगळं गोठतं, उथळ ओढे तर तळापर्यंत. तिथे बोअर मारून पाणी काढणं वगैरे काही नाही, भूजल म्हणजे गोठलेलं भूजल.

एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला नक्की पटेल. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, तशा तिथे हिवाळ्यात पडतात, कडाक्याच्या थंडीने जमीन आखडून. वसंतात त्या भेगेत बर्फाचं पाणी उतरतं आणि आत गोठतं, पुढच्या वर्षी तिथेच परत भेग, परत पाणी, असं शेकडो-हजारो वर्षं चालल्यावर जमिनीत बर्फाच्या जाड पाचरी तयार होतात. विमानातून बघितलं तर सगळं रान पाच-सहा कोनांच्या वाफ्यांसारखं आखलेलं दिसतं, एकेक वाफा दहा-वीस मीटरचा, मध्ये पाणी आणि कडेला बांध. कोणी पाडलेले नाहीत, थंडीने पाडलेले वाफे आहेत. या पाचरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

झाडं नाहीत, गवत टीचभर, मग एवढा कार्बन आला कुठून?
(अकरावीची विद्यार्थिनी, नाशिक)

कार्बन खूप तयार होतो म्हणून साठला असं नाही, तो खर्चच होत नाही म्हणून साठला. पगार थोडा पण घरखर्च त्याहून थोडा, आणि हे दहा हजार वर्षं चालू, तर बँकेत किती जमेल बघ.

तिथे वाढतं काय? कॉटनग्रास नावाचं गवत, त्याच्या शेंड्याला कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोंडा येतो आणि बुंध्याला गुडघ्याएवढा घट्ट गठ्ठा होतो, शिवाय शेवाळं, दगडफूल आणि जमिनीला चिकटून वाढणारी बर्च आणि विलोची झुडपं. वाढीचा काळ दोन-अडीच महिने. उष्ण कटिबंधातल्या जंगलासमोर ही वाढ काहीच नाही. पण आपल्याकडे पान गळलं की पावसाळ्यात वाळवी, बुरशी, गांडूळ, जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यातला कार्बन परत हवेत जातो. तिथे पान गळतं आणि पडून राहतं.

शेतकऱ्याच्या घरातली असशील तर वाफसा हा शब्द तुला माहीत असेल. मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी अवस्था. कुजायलासुद्धा वाफसा लागतो. टुंड्राच्या मातीला वाफसा येतच नाही, एक तर ती गोठलेली असते नाहीतर पाण्याने तुडुंब असते, त्यामुळे सूक्ष्मजीवांना कधी ऊब नाही तर कधी ऑक्सिजन नाही. म्हणजे कार्बन साठला तो पाण्यामुळे, पहिल्या प्रश्नातल्या त्याच अडकलेल्या पाण्यामुळे. पुस्तकात जलचक्र आणि कार्बनचक्र अशी दोन वेगळी प्रकरणं असतात, टुंड्रात मला ती वेगळी करून शिकवताच आली नाहीत.

वर अजून दोन गोष्टी होतात. गोठणं-वितळणं यात माती हळूहळू घुसळली जाते आणि वरचा पालापाचोळा खाली ढकलला जातो, एकदा तो ॲक्टिव्ह लेअरच्या खाली गेला की कायमचा फ्रीझरमध्ये. आणि सायबेरियात, अलास्काच्या काही भागात हिमयुगात वाऱ्याने धूळ आणून टाकली, गवताच्या मुळांसकट थरावर थर गाडले गेले, त्या मातीला येडोमा म्हणतात. सायबेरियातल्या कोलिमा नदीच्या काठावर अशा गोठलेल्या मातीत खारीच्या बिळात सापडलेल्या सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या फळाच्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी रोप वाढवलं, त्याला फुलं आली, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. इतकं नीट जपलेलं असतं तिथे सगळं.

आता हिशेब. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातल्या मातीत अंदाजे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे. हवेत आज ९०० अब्ज टनांच्या जवळपास. मागच्या अंकातलं ते वाक्य इथून आलं.

बर्फ वितळला तर मिथेन निघतो की कार्बन डायऑक्साइड? दोन्ही वाचलंय, गोंधळ होतो.
(एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही निघतात, कुठे काय निघेल ते पाणी ठरवतं.

आमच्या गावच्या घरामागे वडिलांनी बांधलेला गोबरगॅस होता, त्याच्या शेजारी उकिरडा. शेण तेच. उकिरड्यात टाकलं की हवेत कुजायचं, कार्बन डायऑक्साइड निघून जायचा, खाली खत उरायचं. तेच शेण पाण्यात कालवून टाकीत सोडलं की वर हवा लागत नाही, मग वेगळेच जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार करतात, आई त्यावर चहा करायची, निळी ज्योत अजून डोळ्यासमोर आहे. टुंड्रा वितळला की नेमके हेच दोन रस्ते असतात. जमीन निचरून कोरडी झाली तर उकिरडा, पाणी साचलं तर गोबरगॅस.

आणि निचरा होणार की साचणार हे ठरवतात त्या बर्फाच्या पाचरी. पाचर वितळली की वरची जमीन खचते. एकटीदुकटी खचली तर खड्डा होतो, त्यात तळं होतं, आणि पाणी गडद रंगाचं असल्यामुळे ऊन जास्त शोषतं, त्याने तळाचा बर्फ अजून वितळतो, तळं वाढत जातं, मिथेन. पण खचलेल्या चऱ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की तोच पाण्याचा पाट होतो, वाफ्यांतलं पाणी वाहून जातं, मधली जमीन सुकते, कार्बन डायऑक्साइड. एकाच शिवारात शंभर मीटरवर दोन्ही दिसू शकतं. तुमचा गोंधळ तिथून आला.

अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स कॅम्पसमधल्या केटी वॉल्टर अँथनी या संशोधक अशा तळ्यांवर काम करतात. हिवाळ्यात तळं गोठताना तळातून येणारे मिथेनचे बुडबुडे बर्फात अडकतात, पांढऱ्या चकत्या एकावर एक रचल्यासारखे, काचेसारख्या काळ्या बर्फातून स्पष्ट दिसतात. भोक पाडून काडी लावली की माणसाच्या उंचीपेक्षा मोठी ज्वाळा उठते.

वजनाने बघितलं तर निघणाऱ्या कार्बनमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त आणि मिथेन थोडा असतो, पण १०० वर्षांच्या हिशेबाने एक टन मिथेन जवळपास २८ टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, म्हणून थोडा असला तरी सोडून देता येत नाही.

आणखी एक, फारसं कोणी लिहीत नाही म्हणून सांगतो. आपल्याला वाटतं सप्टेंबरात थंडी पडली की सगळं बंद. तसं होत नाही. ॲक्टिव्ह लेअर वरून आणि खालून असा दोन्हीकडून गोठत येतो आणि मधली ओली माती सँडविचसारखी अडकते, पाणी गोठताना स्वतःची उष्णता सोडतं त्यामुळे ती माती कित्येक आठवडे बरोब्बर शून्य अंशावर थांबून राहते, आणि वर बर्फाची गोधडी असतेच. बाहेर उणे वीस असताना आत जिवाणूंचं काम चालू. पूर्वी मोजणी उन्हाळ्यापुरतीच व्हायची म्हणून हे दिसत नव्हतं. अलास्कात वर्षभर मोजल्यावर २०१६ साली कळलं की वर्षाच्या मिथेनपैकी निम्मा किंवा जास्तच थंडीच्या महिन्यांत निघतो.

हवामान उबदार झालं तर तिथे झाडंझुडपं वाढतील, ती कार्बन शोषतील. मग उलट चांगलंच नाही का?
(एक इंजिनिअर वाचक, पुणे)

हा प्रश्न प्रामाणिक आहे, शास्त्रज्ञांनीही तो विचारलाय आणि उत्तर शोधायला वीस वर्षं घालवलीत. अलास्कात ब्रूक्स पर्वताच्या उत्तरेला टूलिक नावाचं तळं आहे, तिथे १९७५ पासून संशोधन केंद्र आहे. माती उबदार झाली की कुजणं वाढतं आणि नायट्रोजन-फॉस्फरस सुटतं, म्हणून १९८१ पासून तिथल्या काही वाफ्यांना दरवर्षी खत घालून बघितलं. झुडपं जोमाने वाढली, बर्चने गवताला झाकून टाकलं, वरून बघणाऱ्याला वाटावं की काय सुंदर हिरवं झालंय. वीस वर्षांनी माती खणून मोजली तर दर चौरस मीटरमागे जवळजवळ दोन किलो कार्बन कमी झाला होता. वर झुडपांनी जेवढा कमावला त्यापेक्षा खाली खोल मातीने जास्त घालवला. मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

झुडपांचं अजून एक आहे, ती हिवाळ्यात वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात, बर्फ जाड साठला की जमिनीला पांघरूण मिळतं आणि ती पुरेशी गार होत नाही. आणि वसंतात बर्फातून काळ्या फांद्या वर आल्या की ऊन परावर्तित व्हायच्या ऐवजी शोषलं जातं.

मग आग. टुंड्रा ओला म्हणून तिथे आगी क्वचित लागायच्या. २००७ चा उन्हाळा कोरडा गेला, अलास्कातल्याच अनक्टुवुक नदीजवळ वीज पडली, जुलैत लागलेली आग ऑक्टोबरपर्यंत धुमसत राहिली, १,०३९ चौरस किलोमीटर जळालं आणि साधारण २१ लाख टन कार्बन हवेत गेला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अख्ख्या आर्क्टिकचा टुंड्रा सरासरी एका वर्षात जेवढा शोषत होता, जवळपास तेवढा एका आगीत गेला. शिवाय शेवाळाची गादी जळाली की खालच्या बर्फावरचं पांघरूण जातं, पुढची काही वर्षं जमीन जास्त खोल वितळते.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागर संस्थेचा वार्षिक आर्क्टिक अहवाल आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की आगींचा हिशेब धरला तर टुंड्रा आता कार्बन साठवणारा राहिला नाही, सोडणारा झालाय. तेव्हा चांगलं नाही, पुणेकर, मला तरी यात चांगलं काही दिसत नाही.

आमच्या क्षेत्रात अलास्काच्या पाइपलाइनचं उदाहरण नेहमी देतात. गरम तेलाने जमीन वितळत नाही का?
(तेल उद्योगात काम करणारे वाचक, ह्यूस्टन)

वितळली असती, म्हणूनच १,२८८ किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त लाइन जमिनीच्या वर खांबांवर नेलीय. १९७७ ला सुरू झाली. बऱ्याच खांबांच्या आत नळ्या आहेत, त्यात अमोनिया. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा उबदार असते, तेवढ्या उष्णतेने तळाचा अमोनिया उकळून वर जातो, वरच्या पात्यांमध्ये थंड होऊन थेंब होऊन परत खाली येतो, असं करत करत जमिनीतली ऊब उपसून बाहेर टाकतो. मोटर नाही, वीज नाही. उन्हाळ्यात आपोआप थांबतं. अभियांत्रिकी म्हणून मी त्याला मनापासून दाद देतो.

पण पाइप सोडून बाकीचा पसारा आहेच. खडीचे रस्ते पाण्याचे नैसर्गिक पाट अडवतात, एका बाजूला तळं होतं आणि दुसरी बाजू सुकते. पाइपलाइनच्या बाजूने जाणाऱ्या डाल्टन हायवेची धूळ शेजारच्या बर्फावर बसते, बर्फ काळवंडून लवकर वितळतो. हिवाळ्यात बर्फाचे रस्ते करायला तळ्यातलं पाणी उपसतात, ज्या प्रदेशात वर्षाला १२० मिलिमीटर पडतं तिथे. आणि जमीन पुरेशी टणक असते तेवढेच दिवस त्या रस्त्यांवरून जायला परवानगी मिळते, १९७० च्या सुमारास ते वर्षाला दोनशेच्या आसपास होते, पुढच्या तीस वर्षांत जवळपास निम्म्यावर आले.

आपल्याकडचे लोक तिथे काही अभ्यास करतात का?
(सातवीचा विद्यार्थी, मडगाव)

करतात, आणि त्यांचं ऑफिस तुझ्या घरापासून फार लांब नाही. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांचं आर्क्टिकमधलं केंद्र म्हणजे हिमाद्री, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंद या गावात, २००८ पासून. आधी माणसं उन्हाळ्यात जायची, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातली मोहीमही सुरू झाली, म्हणजे दिवसभर अंधार असतो तेव्हासुद्धा मोजणी होते. वर कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलं ना थंडीतल्या मिथेनचं, ते आठव, म्हणजे हिवाळ्यात जाणं का महत्त्वाचं ते कळेल. तुला खरंच जायचं असेल तर आत्तापासून रोजचं तापमान आणि पाऊस वहीत लिहायची सवय लाव, एक दिवस न चुकता.

तिथे राहणाऱ्या माणसांचं काय? त्यांना यातलं काय जाणवतं?
(गृहिणी, सांगली)

उत्किआग्विकच्या इन्युपिआत लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, घराजवळ जमिनीत खोदलेलं तळघर असतं, शिडीने खाली उतरायचं, भिंती गोठलेल्या मातीच्या, त्यांवर बर्फाचे स्फटिक. वसंतात बोहेड देवमासा मिळाला की त्याचं मांस गावात वाटलं जातं आणि आपापल्या वाट्याचं या तळघरात रचून ठेवतात, ते वर्षभर पुरतं, सणाला सगळ्यांना वाढलं जातं. पिढ्यानपिढ्या ही तळघरं साफ करून, आत ताजा बर्फ अंथरून वापरली गेलीत, आपल्याकडे पूर्वी पेवात ज्वारी साठवायचे तसं. आता काही तळघरांत तळाला पाणी साचायला लागलंय, काही ढासळली, मांस खराब झालं. काही कुटुंबांनी विजेचे मोठे फ्रीझर घेतलेत, आणि घरातली वडीलधारी माणसं म्हणतात की तळघरात मुरलेल्या मांसाची चव त्याला येत नाही.